प्लगात खोचला म्हणून सेन्सर खरं सांगत नाही

मिरगाचा पाऊस लागला की कणकुंबी-जांबोटीपासून बेळगाव शहरापर्यंत घरोघरी ओलीची काळजी सुरू होते. यंदा तिच्याबरोबर व्हॉट्सॲपवर एक मजकूरही फिरतो आहे. त्यात म्हटलंय: ‘बॅटरीवाला ह्युमिडिटी सेन्सर घेऊ नका, प्लगचा घ्या. त्याला सतत वीज मिळते, म्हणून तो अचूक असतो. स्वस्त काय, महाग काय, आत चिप एकच. ॲपवर दशांशात आकडा दिसतो तो सेन्सर उत्तम. एकदा लावला की पुन्हा बघायला नको. शंका आलीच तर शेजारी दुसरा ठेवून ताडून पाहा.’

उत्तर द्यावंसं वाटलं, कारण सेन्सर हवेतल्या ओलीचा, म्हणजे आर्द्रतेचा जो आकडा दाखवतो, त्यावर लोक डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) आणि एक्झॉस्ट फॅन चालू-बंद होऊ देतात. आकडा चुकला तर पापड सादळतात, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते, आणि दम्याचा त्रास असलेल्या माणसाच्या खोलीत भिंत काळी पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात मोठा दावा पहिला: सतत वीज म्हणून अचूक. आर्द्रता मोजणाऱ्या चिपवर पॉलिमरचा एक पातळ थर असतो. हवेतली वाफ तो शोषतो, त्याने त्याची विद्युत धारिता (विजेचा भार साठवण्याची क्षमता) बदलते आणि त्यावरून टक्के काढले जातात. या कामाला इतकी कमी वीज लागते की बटणासारखा सेल महिनोन्‌महिने पुरतो. जास्त वीज दिल्याने मोजमाप सुधारत नाही. ती वीज जाते वायफायला आणि २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या सर्किटला, आणि दोन्ही तापतात. सेन्सर त्याच डबीत असेल तर तो खोलीची हवा मोजत नाही, डबीतली कोमट हवा मोजतो.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे. हवा तापली की ती जास्त वाफ धरू शकते आणि टक्के घटतात, त्यामुळे ही ऊब महागात पडते. खोलीत २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे असं धरा. जुलैत खानापूर तालुक्यात ही काही वेगळी गोष्ट नाही. डबीत फक्त २ अंश ऊब वाढून २६ झाले, तर तीच हवा सेन्सरला ८० टक्के भासते. चिप कितीही चांगली असली तरी १० टक्के गेले. आता डीह्युमिडिफायर ६५ ला बंद होईल असं लावलं असेल, तर तो बंद होतो तेव्हा खोलीत खरे ७३ च्या आसपास असतात, आणि ॲपवर सगळं आलबेल दिसतं.

हे घरच्या घरी तपासता येतं. सेन्सर तासभर बंद ठेवा. मग लावा, पहिलं तापमान टिपून घ्या आणि तासाभराने पुन्हा पाहा. खोली तशीच असताना आकडा दीड-दोन अंश चढला, तर ती ऊब उपकरणाची स्वतःची आहे. ॲपमध्ये आर्द्रतेला सरसकट ५-१० टक्के जोडून हे भागत नाही. वायफायचं काम वाढलं-घटलं की ऊबही बदलते, आणि हवा कोरडी असताना फरक वेगळा पडतो. मात्र तापमान आणि आर्द्रता एकाच तापलेल्या चिपने मोजली असेल, तर दोन्हींवरून काढलेला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं) जवळपास बरोबर येतो, कारण ऊब वाढली तरी हवेतली वाफ तेवढीच राहते. खोलीचं खरं तापमान दुसऱ्या चांगल्या थर्मामीटरवरून घेतलं, तर दवबिंदूवरून खरी आर्द्रता काढता येते. होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना हे सूत्र एकदाच बसवावं लागतं.

प्लगच्या बाजूनेही बोलायला हवं. बॅटरीवाली उपकरणं सेल वाचवण्यासाठी आकडा क्वचित पाठवतात. विजेवरची दर काही सेकंदांनी पाठवू शकतात. बाथरूमचा फॅन आंघोळ सुरू होताच लागायला हवा असेल, तर हे फार उपयोगाचं. शिवाय झिगबी (कमी विजेवर चालणाऱ्या घरगुती उपकरणांची बिनतारी पद्धत) जाळ्यात विजेवरचं उपकरण सहसा इतरांचे संदेश पुढे पोचवतं. तेव्हा विजेवरचा सेन्सर जरूर घ्या, पण सेन्सर वायरीवर डबीबाहेर काढलेला पाहून घ्या. साधा यूएसबी ॲडाप्टर, त्याला छोटा बोर्ड, आणि बोर्डापासून वीतभर लांब वायरीवर सेन्सर, ही रचना मला सगळ्यात खात्रीची वाटते. ॲडाप्टरवर बीआयएसची खूण असावी. ओल धरणाऱ्या भिंतीवर २३० व्होल्टचं उघडं मॉड्यूल कधीही लावू नका.

‘आत चिप एकच’ हे साफ खोटं आहे. हौशी लोकांत चालणारा डीएचटी-११ हा सेन्सर आर्द्रतेत ५ टक्के आणि तापमानात २ अंश इकडेतिकडे जाऊ शकतो, असं त्याचं माहितीपत्रकच सांगतं. सेन्सिरिऑन या स्विस कंपनीची एसएचटी-४० ही चिप सहसा १.८ टक्के आणि ०.२ अंशांपलीकडे चुकत नाही असं तिचं माहितीपत्रक सांगतं, तर एसएचटी-४५ साठी हा आकडा १ टक्क्याचा आहे. बॉशच्या बीएमई-२८० साठी ३ टक्क्यांचा. दुकानदाराला किंवा विक्रेत्याला सरळ चिपचं नाव विचारा. नाव सांगत नसेल, तर दुसरं उपकरण बघा. या आकड्यांतही एक बारकावा आहे: ते मधल्या पट्ट्यात घट्ट असतात आणि ९० च्या पुढे सैल होतात. आपला पावसाळा नेमका तिथेच असतो.

दशांशाबद्दल फार लिहायला नको. ७२.४७ असा आकडा ॲप छापतं. ५ टक्के चुकणाऱ्या चिपचा आकडाही ते तसाच छापतं.

‘एकदा लावला की बघायला नको’ हा सल्ला कोरड्या मुलखात कदाचित खपेल. इथे नाही. सेन्सिरिऑनने आपल्या चिपांच्या माहितीपत्रकात लिहून ठेवलंय की ८० टक्क्यांच्या वर ६० तास राहिल्यास आकडा तात्पुरता ३ टक्क्यांपर्यंत वर सरकू शकतो. ६० तास म्हणजे अडीच दिवस. जांबोटीकडे झड लागली की ती अडीच दिवसांत थांबत नाही. कोरड्या हवेत चिप हळूहळू पूर्ववत होते, आणि एसएचटी-४० मालिकेत त्यासाठी आतच छोटा हीटर दिलेला आहे. उपकरण बनवणाऱ्याने तो वापरला असेल तरच उपयोग. रंगकाम, थिनर आणि फोडणीचा तेलकट धूर यांनीही पॉलिमरचा थर बिघडतो.

दोन सेन्सर शेजारी ठेवून ताडणंही फसवं आहे. एकाच बनावटीचे दोन सेन्सर एकाच दिशेने चुकतात. खरी कसोटी मिठाची. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला; वर पाणी तरंगायला नको. झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात ठेवा. ॲडाप्टर आणि बोर्ड बाहेर राहू द्या, फक्त वायर आत न्या आणि फट चिकटपट्टीने किंवा कणकेसारख्या पुट्टीने नीट बुजवा. रात्रभर एकसारख्या तापमानाच्या खोलीत ठेवा. आत २५ अंशांना ७५.३ टक्के आर्द्रता होते, आणि २० ते ३० अंशांत ती जेमतेम काही दशांशांनी हलते. सेन्सर ७१ दाखवत असेल, तर ॲपमध्ये ४ जोडा. त्याहून वरचा टप्पा तपासायचा असेल तर पोटॅशियम क्लोराइड सुमारे ८४ टक्के देतं. मात्र ते प्रयोगशाळेतलं शुद्ध हवं, खताच्या दुकानातलं पोटॅश नको. मे अखेरीस एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा ही कसोटी करावी.

मजकुरात एक गोष्ट आलेलीच नाही: वीज गेल्यावर काय? फांदी पडून लाइन तुटली की प्लगचा सेन्सर गप्प होतो, पण बऱ्याच ॲपवर शेवटचा आकडा तसाच राहतो. त्याच्याखाली लिहिलेली वेळ बघायची सवय लावा. झिगबीचा असेल तर त्याच्या आधारावर चालणारे बॅटरीचे सेन्सरही तुटू शकतात. राउटर आणि सेन्सर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या; एकच घेतला तर उपयोग नाही.

सेन्सर लावायचा तो आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, फ्रिज आणि टीव्हीपासून दूर. पावसाची झोड खाणारी पश्चिमेची भिंत आतूनही गार असते, आणि तिच्याजवळची आर्द्रता खोलीच्या मध्यापेक्षा जास्त असते. कपाट त्याच भिंतीला टेकलेलं असेल, तर दुसरा सेन्सर कपाटामागे ठेवा.