हरकत घ्यायची तं लेखी घ्या भाऊ

आमच्या ले-आउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या जागेचा झोन किंवा आरक्षण बदलायच्या, पेपरातल्या जाहीर सूचनेचा फोटो आला की पुढचे मेसेज काय येणार ते मला आधीच माहीत असतं. पहिला येतो "सेटिंग झालेली आहे", दुसरा "सुनावणी म्हणजे फार्स आहे", मग कोणीतरी हात जोडलेला इमोजी टाकतो आणि संध्याकाळपर्यंत विषय खतम. यात दक्षिण नागपूरपासून धरमपेठेपर्यंत सगळे एकसारखे, शिकलेले तं जरा जास्तच.

मला हे पटत नाही. आणि मी दोन्ही बाजूंनी बसलेलो माणूस आहे म्हणून बोलून राहिलो. आमच्या भावजींच्या प्लॉटवर डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, शाळेचं आरक्षण होतं. नागपूरचा सुधारित डीपी मंजूर झाला 2000 साली, शाळा काही आली नाही, मोबदलाही आला नाही, अन् प्लॉट विकायला काढला की गिऱ्हाईक झोन दाखला (जागा आराखड्यात कशासाठी ठेवली ते सांगणारा कागद) पाहून चहा पिऊन निघून जायचं. असा माणूस फेरबदल मागतो तेव्हा त्याला सरसकट बिल्डरचा दलाल म्हणणं चूक आहे. कायद्यातच तरतूद आहे, 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127: डीपी लागू होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यायची, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. कलम 37 वेगळं, त्यात झोन किंवा आरक्षण बदलायचा प्रस्ताव येतो, पण तो बदल डीपीचं मूळ स्वरूप बदलणारा नको. लोक या दोन्हीची खिचडी करतात आणि चुकीच्या खिडकीवर उभे राहतात.

खिडकीचंही नागपुरात वेगळंच प्रकरण आहे बाप्पा. कुठे मनपा, कुठे नागपूर सुधार प्रन्यास (शहर विकासाची जुनी संस्था, 1936 च्या कायद्याचं बाळ, आता आजोबा झालं), शहराच्या बाहेर बेसा-पिपळ्याकडे गेलं की 2017 पासून एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. त्यात पुन्हा गुंठेवारीतले, म्हणजे आधी विनापरवानगी पडलेले, 572 आणि 1900 ले-आउट, आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आहे की नाही, डिमांड (त्यासाठी मागितलेले पैसे) भरली की नाही. आपली फाइल कोणत्या ऑफिसात आहे हे विचारण्यातच अर्धा उत्साह संपतो. आणि खूप जणांना तं झोन बदलायची गरजच नसते, निवासी प्लॉटवर खाली दुकान काढायचं असेल तर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 2020 च्या युडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) बऱ्याच गोष्टी तशाच चालतात. आधी ते बघा, मग अर्ज करा.

आता सुनावणीचं. कलम 37 मध्ये प्रक्रिया अशी की प्रस्तावाची सूचना राजपत्रात निघते, पेपरातही देतात, एक महिन्यात कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो, कोणीही म्हणजे खरंच कोणीही, प्लॉटमालकच पाहिजे असं नाही. मग सुनावणी होते, आणि प्रस्ताव जातो मुंबईला, नगर विकास विभागाकडे. शेवटची मंजुरी शासनाची. माझा सगळा मुद्दा इथेच आहे. टेबलामागे बसलेला अधिकारी निर्णय देत नाही, तो अहवाल पाठवतो, आणि अहवालात काय जाईल ते तुमच्या कागदावरून ठरतं. तुम्ही तिथे गळा काढून बोललात ते मंत्रालयातल्या डेस्क ऑफिसरला ऐकू येत नाही.

हे मी डोळ्याने पाहिलं, कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही. आमच्या शेजारच्या ले-आउटमधल्या मोकळ्या जागेचा विषय होता, तिथे वाणिज्य वापर मागितला होता. बाहेर बाकावर पन्नाशी-साठीची मंडळी, हातात पिशव्या, शिपाई हरकत क्रमांक पुकारून राहिला. आत टेबलावर भाग नकाशा पसरलेला, पिवळ्या निवासी पट्ट्यात एक हिरवा तुकडा, आणि त्या तुकड्यावर नेमका चहाचा कप ठेवलेला. पहिले एक काका बोलले, चांगले बोलले हो, भ्रष्टाचार, बिल्डर लॉबी, आमच्या काळचं नागपूर, संत्र्याचे बगीचे, सगळं आलं. साहेब मान हलवत राहिले आणि लिहिलं काहीच नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच ना त्यात. मग एक ताई उभ्या राहिल्या, बँकेत नोकरी, सुट्टी टाकून आलेल्या. त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला, मंजूर ले-आउटची प्रत नकाशाशेजारी लावली आणि बोट ठेवलं: ही जागा मंजुरीच्या वेळेस खुली जागा म्हणून दाखवलेली आहे, त्या अटीवर ले-आउट पास झाला, आमच्या विक्रीपत्रात त्याचा उल्लेख आहे. रस्ता कागदावर 9 मीटर, जागेवर नाली सोडून किती उरतो ते टेपने मोजलेले फोटो. शाळेच्या व्हॅन किती वाजता येतात. तीन मिनिटं लागली असतील. साहेब म्हणाले, "मॅडम, हे लेखी दिलं का?" ताई म्हणाल्या, "दिलं सर, पोच आहे, आवक नंबर सांगू?" तेव्हा त्यांनी पेन उचललं.

"बाधित व्यक्तींना नोटीस" असं कायद्यात आहे. पण बाधित म्हणजे कोण? प्लॉटच्या मालकाला पत्र जातं, समोर वीस वर्षं राहणाऱ्या काकूंना नाही. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंगळुरूच्या एका बागेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे, बागेची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, आणि तिथल्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे हे मान्य करून ते वाटप टिकलं नाही. म्हणजे काकू बाधित आहेतच, फक्त त्यांना कळवायचं कोणी नाही. सूचना छापून येते ती टेंडर, नावबदल आणि हरवलेल्या मार्कशीटच्या जाहिरातींमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात, "मौजा अमुक, ख.क्र. तमुक" अशा भाषेत. स्वतःच्या घराचा ख.क्र., म्हणजे जमिनीचा खसरा क्रमांक, किती जणांना तोंडपाठ आहे सांगा बरं.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती खर्चिक नाही. ज्या जागेचा झोन किंवा आरक्षण बदलायचं आहे त्या जागेवरच बोर्ड लावा. मोठा, मराठीत, हिंदीतही लावा, नागपूर आहे. आता काय आहे, काय होणार आहे, हरकतीची शेवटची तारीख, कुठे द्यायची. बांधकाम सुरू झालं की परवानगीचा बोर्ड लावायला लागतो, मग त्याच्या आधीच्या मोठ्या निर्णयाला का नको? खर्च अर्जदाराने करावा. भावजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले मी दहा बोर्ड लावतो, माझं काही लपवायचं नाही. ज्याला लपवायचं आहे तोच नाही म्हणेल.

कोणी म्हणेल लोकांना कळलं तरी काय होणार. अजनी वन आठवा. अजनीच्या मोठ्या स्टेशन प्रकल्पासाठी तिथली झाडं तोडायची सूचना निघाली, ती बातमी कॉलेजच्या पोरांनी घराघरात पोचवली आणि हजारोंनी हरकती गेल्या. कोर्ट, आंदोलन, सगळंच होतं त्यात, एकट्या हरकतींनी झालं असं मी म्हणत नाही. पण मूळ आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही. आणि मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर प्रशासकाच्या काळात वॉर्डातलं कोणी भांडायलाही नव्हतं, तेव्हा सामान्य माणसाकडे हरकत आणि सुनावणी एवढंच उरलं होतं.

आणखी एक, एका कागदावर शंभर सह्या घेऊन जायची आपली सवय सोडा. ती एकच हरकत धरतात बरेचदा. वेगवेगळे अर्ज द्या, प्रत्येकाने आपला मुद्दा लिहा, कोणी पार्किंगचा, कोणी ड्रेनेजचा, आणि शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी" हे वाक्य टाका. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बदल हवा असेल त्यांनीही हेच करा, समर्थनाच्या सूचनाही देता येतात, त्या कोणी देतच नाही आणि मग फाइलमध्ये नुसता विरोधच दिसतो.

मंजूर ले-आउटची प्रत तुमच्याकडे नसेल तर सूचना निघायची वाट पाहू नका, महिना फार लवकर सरतो. माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. म्हणजे सूचना निघाल्यावर अर्ज कराल तर तुमची मुदत अन् त्यांची मुदत एकाच दिवशी संपेल. आमच्या गल्लीतल्यांसाठी मी रविवारी अर्जाचा नमुना ग्रुपवर टाकतो, बाकीच्यांना हवा असेल तर कमेंटमध्ये मौजा लिहा.