‘ग्राफिक्स भारी, तोच कन्सोल भारी’ हे खरं नाही

नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, बाजारात आला की एक निरोप हमखास फिरायला लागतो. या वेळी तो भाच्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, तू वाच आणि सांग, कोणता घेऊ?” निरोपाचा मथितार्थ असा: कन्सोलमध्ये बघायचं ते ग्राफिक्स. ज्याचे टेराफ्लॉप (गणितं करण्याच्या वेगाचा आकडा) जास्त, तोच शेवटी बाजार मारतो. फोर-केवर, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या चित्रावर, खेळणार नसाल तर नवा कन्सोल म्हणजे पैसे पाण्यात. आणि कमी ताकदीच्या मशीनवर मोठे गेम होऊच शकत नाहीत.

पन्नास हजारांच्या घरातली वस्तू आहे. आपल्याकडे मुलं त्यासाठी वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे वर्षभर साठवतात. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू.

आधी ‘ताकदवान तोच जिंकतो’ हा दावा. याच्या विरोधातला पुरावा इतका ढीगभर आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. १९८९ साली निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय आला. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा (चित्राच्या ठिपक्यांचा), रंग नाहीत, हिरवट करड्या रंगाच्या फक्त चार छटा. त्याच वर्षी अटारीने रंगीत पडद्याचा लिंक्स आणला, पुढच्या वर्षी सेगाने रंगीत गेम गिअर. दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर गेम बॉय बिचारा वाटायचा. पण गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा आणि त्यावर टेट्रिस होता. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांच्या पुढे खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई यांची धारणाच अशी होती की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे गुणदोष पुरते कळलेत असं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा.

हा एकटा अपवाद म्हणावा, तर पुढेही तेच दिसतं. १९९६चा निन्टेन्डो ६४ त्रिमितीय चित्रणात सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या पुढे होता; पण तो कार्ट्रिजवर, म्हणजे चिप बसवलेल्या गेमच्या कॅसेटवर, अडून राहिला. सर्वांत मोठं कार्ट्रिज ६४ मेगाबाइटचं, तर सीडीवर साडेसहाशे मेगाबाइट मावत आणि ती छापायलाही स्वस्त. फायनल फँटसी ७ सारखा गेम त्यामुळेच प्लेस्टेशनकडे गेला. विक्री: निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटी, प्लेस्टेशन दहा कोटींहून अधिक. मायक्रोसॉफ्टचा २००१चा एक्सबॉक्स प्लेस्टेशन २ पेक्षा ताकदवान होता. तो अडीच कोटींच्या आत राहिला, प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला. निन्टेन्डोच्या २००६च्या वीला तर एचडी चित्रसुद्धा देता येत नव्हतं. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० दोघांनाही मागे टाकून तो दहा कोटींच्या वर विकला गेला, कारण हातातलं रिमोट बॅटसारखं फिरवलं की पडद्यावर टेनिसचा चेंडू जायचा आणि हे आजीलाही न शिकवता जमायचं.

उलटं उदाहरणही सांगायला हवं. २०१३ साली प्लेस्टेशन ४ चे टेराफ्लॉप १.८४ होते, एक्सबॉक्स वनचे १.३१, आणि तिथे ताकदवानच जिंकला. पण तेव्हा प्लेस्टेशन ४ शंभर डॉलर स्वस्त होता, एक्सबॉक्सबरोबर किनेक्ट कॅमेरा सक्तीने घ्यावा लागत होता, आणि जुने गेम विकण्यावर बंधनं घालण्याचा इरादा मायक्रोसॉफ्टला लोकांच्या संतापानंतर मागे घ्यावा लागला होता. हे सगळं बाजूला सारून श्रेय ग्राफिक्सला देणं बरोबर नाही. आणि ताकद कमी असली की यश मिळतं असंही नाही: वीचा पुढचा कन्सोल वी यू दीड कोटीसुद्धा गाठू शकला नाही.

टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अपूर्णांकी गणितं करण्याची क्षमता. गाडीच्या इंजिनाचे सीसी सांगावेत तसा हा आकडा आहे; त्यावरून गाडी घाटात कशी चालेल ते कळत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्सचा आकडा १२.१५, प्लेस्टेशन ५ चा १०.२८. विक्रीत मात्र प्लेस्टेशन ५ पुढे आहे. कन्सोलच्या या पिढीने खेळणाऱ्याला दिलेला सर्वांत मोठा फरक तर ग्राफिक्स चिपमधून आलाच नाही, तो एसएसडीतून, म्हणजे गेम साठवायच्या वेगवान मेमरीतून आला. सोनीने २०१९ मध्ये स्पायडर-मॅन गेमचा एकच प्रसंग दोन यंत्रांवर उघडून दाखवला होता: जुन्यावर आठ सेकंद, नव्यावर एका सेकंदाच्या आत. प्रत्येक वेळी हरल्यावर पुन्हा सुरुवात करताना हा फरक जाणवतो, जाहिरातीच्या चित्रात मात्र तो दिसत नाही.

आता फोर-के. भाच्याला मी म्हटलं, टेप आण आणि सोफ्यापासून टीव्ही किती लांब आहे ते मोज. आठ फूट निघालं. टीव्ही ४३ इंची, म्हणजे पडद्याची रुंदी साधारण साडेसदतीस इंच. फुल एचडीत या रुंदीत १९२० पिक्सेल बसतात. आठ फुटांवरून त्यातला एक पिक्सेल डोळ्याशी जो कोन करतो तो अंशाच्या पंचाऐंशीव्या भागाइतका आहे. निरोगी नजर साधारणपणे अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखते. म्हणजे त्या खोलीत फुल एचडीचेच ठिपके नजरेच्या मर्यादेखाली आहेत, आणि फोर-के त्यांचे चौपट करतो. पडदा ६५ इंची असेल किंवा तुम्ही चार फुटांवर बसत असाल तर गोष्ट वेगळी. आपल्या बहुतेक घरांच्या हॉलमध्ये तसं नसतं.

हे चौपट पिक्सेल फुकट मिळत नाहीत. त्यांचं ओझं वाढलं की चित्रांचा वेग पडतो. सेकंदाला ६० चित्रं असतील तर प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० असतील तर ३३.३. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर त्यातून वाढतो. म्हणून आज पुष्कळ गेममध्ये दोन पर्याय असतात: एक देखणा, एक चपळ. लोक काय निवडतात? २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो जगासमोर मांडताना त्याचे शिल्पकार मार्क सर्नी यांनीच सांगितलं की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळणारे चपळ पर्याय घेतात. ग्राफिक्सच्या जोरावर कन्सोल विकणाऱ्या कंपनीच्या तोंडून आलेलं हे वाक्य मला सर्वांत बोलकं वाटतं.

शेवटचा मुद्दा, कमी ताकदीवर मोठे गेम होत नाहीत हा. झेल्डा मालिकेतला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ २०२३ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आला. स्विचमधली टेग्रा एक्स१ ही चिप २०१५ सालची. त्या गेममध्ये लाकडं, चाकं, पंखे जोडून खेळणारा स्वतःची गाडी, होडी, विमान बनवतो आणि ते वजन, उतार, वारा यांच्या नियमांनुसार चालतं. तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने बनवला, चित्रं जुन्या ठिपक्यांच्या शैलीतली, विक्री चार कोटींच्या पुढे.

आमच्या पिढीला हे पटवून द्यावं लागत नाही. बाहेरच्या जगात प्लेस्टेशन खेळलं जात असताना आमच्याकडे निन्टेन्डोच्या जुन्या मशीनच्या नकला होत्या. ‘९९९९ इन वन’ची कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची आणि कॉन्ट्रा लावायचा. चाळीतली सहा मुलं एका टीव्हीसमोर बसायची. ठिपके मोजता येतील इतके मोठे होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

ग्राफिक्सना किंमत नाही असं मी म्हणत नाही. दूरचा शत्रू ओळखू येणं, पात्राच्या चेहऱ्यावरचा भाव कळणं, किरणांचं गणित यंत्राने केल्यामुळे अंधाऱ्या खोलीत दिवा खरा वाटणं, हे सगळं मला आवडतं. पण त्याची किंमत खेळणाऱ्यांच्या पलीकडेही मोजली जाते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल झालेल्या सोनीच्या कागदांतून कळलं की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला २२ कोटी डॉलर लागले, म्हणजे तेव्हाच्या दराने १,८०० कोटी रुपये. इतका पैसा अडकला की कंपनी नवं काही करायला धजत नाही, दुसरा-तिसरा भागच काढते. पुढच्याच वर्षी सोनीने गेम विभागातली सुमारे ९०० माणसं कमी केली. कपातीमागे एकच कारण नसतं, पण गेम बनवण्याचा वाढता खर्च त्यात आहेच.

भाच्याला मी कन्सोलचं नाव सांगितलं नाही. तुझे मित्र कशावर खेळतात, तुला हवे ते गेम कशावर येतात, जुने गेम विकता येतात का, हे तीन प्रश्न दिले. आणि ज्या मित्राकडे प्लेस्टेशन ५ आहे त्याच्याकडे जाऊन स्पायडर-मॅन २ दोन्ही पर्यायांवर अर्धा-अर्धा तास खेळून ये म्हटलं. रात्री त्याचा फोन आला. “मामा, देखण्या मोडमध्ये इमारतींच्या काचांत प्रतिबिंबं मस्त दिसतात, पण झोका घेताना हात जड वाटतो. मी दुसऱ्यावरच खेळत बसलो.”