बॉनेट उघडतं का तुझं?

जळगावच्या काव्यरत्नावली चौकात चहा हातात यायच्या आधीच आप्पा सुरू. "१४ ऑक्टोबर २०२५ गेली, विंडोज १० चे अपडेट बंद. आता मन्हा कॉम्प्युटर भंगारमा टाकू का भो?"

"ॲपलचा मॅक घे," शेठ म्हणाला. मॅकचं नाव निघालं की याचा हात आपोआप गाडीच्या किल्लीवर जातो.

"मॅक म्हणजे तुझी गाडीच," मास्तर म्हणाला. "सीट मऊ, एसी गार, पण बॉनेट कंपनीनेच उघडायचं. आणि ते इंजिन दुसऱ्या गाडीत बसवायचं नाही, करारातच लिहिलंय."

"अन् विंडोज?"

"काळीपिवळी. चोपडा असो की चाळीसगाव, कुठेही मिळते, गल्लोगल्ली गॅरेज. तुझं विंडोज १० हे २०१५ चं मॉडेल, दहा वर्षं पळवलंस. अजूनही पळेल, फक्त सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. म्हणजे ब्रेक झिजले तर बघणारं कोणी नाही. नव्या मॉडेलला, म्हणजे विंडोज ११ ला, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. तुझा कितवा?"

"चौथा," आप्पा असा म्हणाला की जणू त्याचाच गुन्हा.

"मग ट्रॅक्टर घे. लिनक्स, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने इंजिन बनवलं आणि नकाशासकट वाटून टाकलं. बॉडी आवडेल ती बसव, उबुंटू नाहीतर मिंट. तुझ्या अँड्रॉइड फोनात तेच इंजिन आहे. जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणकांतही तेच."

"ट्रॅक्टरवर टॅली बसती का?"

मास्तर थांबला. प्रश्न खरा होता. दाणाबाजाराचा हिशेब विंडोजवरच्या टॅलीत आणि छापखान्यातलं मराठी श्रीलिपीत, हे सोडा म्हणून कोणी सोडत नाही.

"दुकानातला राहू दे," तो म्हणाला. "घरातला, पोरांचा तर वाचव. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. आपल्या शाळांतल्या कॉम्प्युटरांनी काय पाप केलंय?"

मला हे मनापासून पटतं. चालतं अवजार कोणाच्या तरी तारखेवर फेकून देणं शेतकऱ्याच्या पोराला तरी पटू नये.

"फुकटचं ते फुकटचंच," शेठ ओठ मुरडत म्हणाला. "बिघडलं तर धरायचं कोणाला?"

"आसोद्याला भरीत पार्टीत तू कोणाला धरलं होतं रे?"

"तो विषय काढायचा नाही!"

पण निघाला. केळीच्या बागेच्या चिखलात टेकलेली शेठची लांबलचक गाडी, कानाला फोन लावून कंपनीचा माणूस शोधणारा शेठ, आणि मागून धडधडत आलेला मास्तरचा ट्रॅक्टर.

"ओढली ना बाहेर?"

"अन् बंपर? बंपरचे पैसे अजून दिले नाहीत याने!"

"वांगी कोणाच्या शेतातली खाल्ली? त्यात वळते कर!"

आप्पाला हसता हसता चहाचा ठसका लागला. त्याच्या कॉम्प्युटरवर मिंट कोण टाकून देणार, हे ठरलंच नाही.