पाणबुडी बांधणारे हात

आतेभावाने फोनवर परत तेच उकरून काढलं. "अरिहंत आहे, माझगाव डॉकच्या सहा डिझेलवाल्या स्कॉर्पीन आहेत, मग अणुऊर्जेवर चालणाऱ्या आणखी दोन पाणबुड्या कशाला? त्या पैशात तिसरी विमानवाहू नौका बांधा." ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या दोघींना मंजुरी मिळाल्यापासून हेच ऐकतेय आणि दर वेळी डोकं तापतं. अरिहंतचं काम क्षेपणास्त्रं घेऊन दडून राहणं. नव्या दोघी हल्ल्याच्या, त्या शत्रूच्या मागावर निघतात. डिझेलवाली भरवेगाने पळाली तर काही तासांत बॅटरी उतरते. अणुभट्टीवाली आठवडेच्या आठवडे पाण्याखालून धावते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या 'कॉन्करर' या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची युद्धनौका 'बेलग्रानो' बुडवली आणि अर्जेंटिनाची विमानवाहू नौका बंदरात परतली, ती युद्ध संपेपर्यंत बाहेर पडली नाही. विमानवाहू नौकांच्या भक्तांनी एवढं तरी वाचावं.

पण खरं दुखणं वेगळंच आहे आणि त्यावर तिकडे भारतात कुणी बोलत नाही. मी इंग्लंडमधल्या बॅरोत राहते, ब्रिटनच्या अणुपाणबुड्या इथेच बांधतात. त्या जिथे बांधतात तो डेव्हनशर डॉक हॉल गावात कुठूनही दिसतो. शिफ्ट सुटली की मायकेलसन रोडचा पूल तुंबतो, गळ्यातले पास खिशात गेलेले असतात. इथल्या 'अ‍ॅस्ट्यूट' या हल्ल्याच्या पाणबुडीची भट्टी २५ वर्षं इंधन न बदलता चालते. पेरिस्कोपची नळी कवचातून आत येत नाही, मास्टवरचे कॅमेरे पडद्यावर चित्र देतात. एवढी विद्या असूनही पहिली बोट कित्येक वर्षं रखडली. आधीच्या 'व्हॅनगार्ड' पाणबुड्यांनंतर नवं काम वेळेत आलं नाही, जाणती माणसं पांगली आणि शेवटी 'इलेक्ट्रिक बोट' या अमेरिकेतल्या पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीकडून माणसं आणावी लागली.

आपलंही तेच झालं. माझगावची 'शंकुल' पाणबुडी १९९४ मध्ये नौदलात आली, त्यानंतरची 'कलवरी' २०१७ मध्ये. २३ वर्षांत वेल्डरांची अख्खी पिढी निवृत्त होते. म्हणून विशाखापट्टणमला ज्या या दोन बोटी बांधायच्या आहेत, तेवढ्यावर थांबू नका, तिसरी-चौथीची ऑर्डर आत्ताच द्या.

"तुझं तिकडे बसून काय जातंय?" आतेभाऊ विचारतो. जातं. माझी मुलगी त्याच हॉलमध्ये वेल्डिंगची अप्रेंटिस आहे. तिचा पासपोर्ट ब्रिटिश, आता माझाही. कामाचं ती घरी बोलत नाही, मीही विचारत नाही. तिचा मला फार अभिमान आहे. पण विशाखापट्टणमच्या न बांधलेल्या बोटींसाठी मी जशी भांडते, तशी तिच्या हातच्या बोटीसाठी कधी भांडले नाही. हे तिला अजून सांगू शकलेले नाही.