सहा आठवड्यांचा हिशोब सगळ्यांना लागू नाही

पाठदुखीवरच्या एका लेखातलं 'मनाने घेतलं की सहा आठवड्यांत पाठदुखी जाते' हे वाक्य खटकलं. माझी कंबर चार वर्षं दुखत होती. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली) वाचलं आणि त्या दिवसापासून मी वाकणंच सोडलं. खाली पडलेला रुमालसुद्धा लेक उचलून द्यायचा! मग फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, की कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही साधारण ३० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये बल्ज दिसतो (अशा अभ्यासांचा २०१५चा आढावा आहे). म्हणजे दुखणं खरंच, पण ते बल्जमुळेच असेल असं नाही; मज्जासंस्था गजर जरा जास्तच जोरात वाजवतेय. हे पटायला एक दिवस लागला, अंगात मुरायला दीड वर्ष. मध्येच गणपतीची आरास करताना उसण भरली, तेव्हा 'झालं, परत पहिल्यापासून' म्हणून रडले होते. पण एरवी तीन आठवडे छळणारी कळ त्या वेळी पाच दिवसांत ओसरली. सकाळी उठल्या उठल्या 'आज किती दुखतंय' हे चाचपणं सोडलं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. अर्थात आधी डॉक्टरांकडून तपासून घ्याच; पाय बधिर होत असेल तर अजिबात थांबू नका. परवा मेथी निवडायला तासभर मांडी घालून बसले. उठताना कंबर कुरकुरली, नाही असं नाही.