सतरा पोरांचा टक्का

परवा शिक्षण कार्यालयाकडून पुन्हा तोच कागद आला. दहावीचा निकाल तालुक्याच्या सरासरीपेक्षा कमी का लागला, याचा लेखी खुलासा सोमवारपर्यंत सादर करा. खाली संबंधित विषयशिक्षकाचं नाव आणि सही. म्हणजे माझी.

निकाल ७६.४७ टक्के. सतरा पोरं बसली होती, तेरा पास झाली. आमच्याकडे एक पोरगं नापास झालं की टक्का जवळजवळ सहाने खाली येतो. शहरातल्या साडेतीनशे पोरांच्या शाळेत चार नापास झाली तरी निकाल ९८ च्या वर लागतो, चौकात फ्लेक्स लागतात, पेढे वाटतात. आमची चार गेली की आम्ही कामचुकार! हे गणित सातवीच्या पोराला समजतं. कार्यालयात बसलेल्यांना समजत नाही असं नाही, त्यांना समजून घ्यायचं नाही.

त्या टक्क्याचं एवढं काय घेऊन बसलात? २०१९ ला बोर्डाने भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढले आणि अख्ख्या राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल थेट ९५.३०. २०२१ ला लेखी परीक्षाच झाली नाही, तर ९९.९५! राज्यातले मास्तर एका वर्षात बिघडले आणि दुसऱ्या वर्षी सुधारले का? नाही ना? मग आमच्या सतरा पोरांच्या टक्क्यावरून आमची लायकी कशी ठरवता?

आणि ही सतरा पोरं कोण आहेत, हे एकदा तरी विचारा. गेली कित्येक वर्षं एकाही साहेबाने विचारलेलं नाही.

बालाघाटच्या डोंगरातलं आमचं गाव. ज्याची थोडीफार ऐपत आहे त्याचं पोरगं सकाळी सातला पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्लिश स्कूलला जातं. जी उरतात ती आमची. या सतरापैकी अकरा घरं कोयत्याची, म्हणजे ऊसतोड मजुरांची. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली माणसं निघतात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. ज्या घरात म्हातारी आहे तिथे पोरं तिच्याजवळ राहतात. म्हातारी नसली तर पोरगी उसाच्या फडावर जाते, कारण धाकट्यांना सांभाळायचं कोणी आणि तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायच्या कोणी?

नापास झालेल्या चारांत अशीच एक आहे. नववीत वर्गात दुसरी आलेली पोरगी. दिवाळीआधी गेली ती बोर्डाच्या पेपरला चार दिवस राहिले तेव्हा उगवली, एकटी, एसटीने. मी तिला सरावाचा पेपर सोडवायला बसवलं तर लिहीचना. म्हटलं, बाळा, काय झालं? तिने हात पुढे केला. उसाच्या पाल्याने तळहातावर बारीक बारीक चिरा पडलेल्या, काही काळ्या झालेल्या, अंगठ्याचं टोक उललेलं. पेन अंगठ्याला टेकवता येईना म्हणून ती ते दोन बोटांच्या बेचक्यात धरून लिहीत होती. भूमितीच्या पेपरला त्या हाताने कंपास फिरवायचा होता. गणितात गेली. जुलैच्या पुरवणी परीक्षेत पास झाली, आणि चांगली पास झाली. पण कार्यालय टक्का धरतं तो पहिल्या परीक्षेचाच. त्यांच्या लेखी ती अजून नापास आहे.

दुसरा पोरगा तर आमचा नव्हताच. शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत होता. हा दहावीत निकाल पाडणार असं दिसल्यावर त्यांनी नववीतच बापाला बोलावून टीसी हातात दिला. असाच दुसऱ्या कोणाला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात, म्हणजे शाळेबाहेरून खाजगी परीक्षेला बसवतात. त्यांचा शंभर टक्के निकाल असा तयार होतो. नको असलेली पोरं आमच्या पदरात टाकायची आणि वर विचारायचं, तुमचाच निकाल का पडला?

आता शाळेचं ऐका. गणिताचे सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, ती जागा रिकामीच आहे. विज्ञान माझं, गणितही माझंच, आणि युडायस, आधार, अपार आयडी ही पोरांची ऑनलाइन माहिती भरणं हेही माझंच. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयापासून संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याची, धास्ती डोक्यावर आहे. पट घसरला की पद गेलं. दोन पोरांच्या आधारवरचं नाव आणि रजिस्टरवरचं नाव जुळत नाही, तर ती पटात धरली जात नाहीत. रोज वर्गात बसणारं जितंजागतं पोरगं कागदावर नाही!

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते दुपारच्या सुट्टीत. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणून पोषण आहार आठवीपर्यंत, फुकट पुस्तकंही आठवीपर्यंत. आमची शाळा आठवी ते दहावी. एकाच व्हरांड्यात आठवीची पोरं ताटं घेऊन बसतात आणि नववी-दहावीची बाजूला नळावर जाऊन पाणी पितात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात नववीतलं एक पोरगं सवयीने ताट घेऊन रांगेत उभं राहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाढा. त्या म्हणाल्या, सर, हिशोब मोजून द्यावा लागतो. तरी त्यांनी तळाची खरवड काढून वाढली. दुसऱ्या दिवशी ते पोरगं आपणहूनच रांगेत आलं नाही. चौदा वर्षं पूर्ण झाली की भूक लागत नाही का? ज्या वयात घरचे म्हणतात, आता कमवायला चल, नेमक्या त्याच वयात सरकारने हात काढून घेतला. तरीही ही पोरं येतात. तीन-चार किलोमीटर तांड्यावरून चालत येतात.

तेरा पास झाली, त्याबद्दल एक ओळ लिहायला कोणाला सुचलं नाही. त्यातल्या सात पोरी आहेत. त्यातल्या चौघींची लग्नं आम्ही घरोघरी जाऊन, आईबापाच्या हातापाया पडून थांबवलीत. त्यातली एक आज नर्सिंगला जायचं म्हणते. ते कुठल्या रकान्यात भरू?

खुलाशाच्या प्रपत्रात कारणासाठी दोन ओळींची जागा सोडली आहे. मी चार पानं लिहिली आहेत, चारही पोरांची, एकेकाला एक पान. मुख्याध्यापक म्हणाले, एवढं लांबवू नका, साहेब चिडतील. चिडू देत. सोमवारी मी स्वतः नेऊन देणार आहे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.