रस्ता झाला नाही, हे मी कामातच धरलं

भाऊ,

'त्रस्त मतदार' एवढंच नाव टाकलंत, म्हणून भाऊच म्हणतो. मला 'आप्पा' म्हटलंय, म्हणजे गावातलेच आहात.

मागच्या आठवड्यात मी आपल्या प्रभागाचं २०२०-२१ हे वर्ष इथे मांडलं होतं. टाळेबंदीच्या वर्षात हातात पैसा नसताना काय काय झालं ते: नळांना तोट्या, दोन नवे व्हॉल्व्ह, पथदिवे, भाजीबाजाराची हलवाहलव, नाल्याची सफाई. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गाभा सांगतो. आप्पा पालिकेचे पेन्शनर, ते पालिकेचीच री ओढणार. तोट्या बसवणं हे काय काम झालं? साडेचार वर्षांत गल्लीत एक रस्ता झाला नाही. पैसा नव्हता हे कुणाला सांगता, ठेकेदारांची बिलं तर बरोबर निघतात. आणि शेवटी: "आमच्या मागच्या बोळात तुम्ही एकदा तरी आलात का?"

शेवटचा प्रश्न मला लागला. त्याच्याकडे येतोच, आधी बाकीचं उरकू द्या.

पेन्शनर आहे, हे खरं. पण दुसऱ्या तालुक्याच्या पालिकेचा. तिथे पाणीपुरवठा खात्यात ३१ वर्षं लिपिक होतो. इथल्या पालिकेशी माझं नातं भांडणाचंच आहे. आमच्या पत्र्याच्या ओसरीला त्यांनी स्लॅबची खोली म्हणून घरपट्टीची आकारणी लावली, तीन अर्ज झाले, तिसऱ्याची पोच अजून मिळायची आहे. तेव्हा री ओढण्याचा प्रश्न नाही. मात्र त्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यानं एक खोड लागली. कुणी 'विकास' म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, कोणत्या हेडमधून, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून?

तर पैशाचं. ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागानं शासन निर्णय काढला. विकासकामांना त्या वर्षी ३३ टक्केच निधी, नवी कामं हाती घ्यायची नाहीत, नवी भरती नाही. हे मुंबईत ठरलं, पण त्याची झळ आपल्या चौकापर्यंत येते, कारण छोट्या पालिकेच्या स्वतःच्या गाठीला फारसं काही नसतंच. पूर्वी जकात होती. नाक्यावर कापसाच्या गाड्या थांबायच्या, रोजची रोकड संध्याकाळी तिजोरीत यायची. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, बदल्यात अनुदान सुरू झालं, ते पगारातच जिरतं. १९९३ पासून घटनादुरुस्तीनं नागरी संस्थांच्या यादीत १८ विषय आणून ठेवलेत. विषय आले, पैसा मागाहून येणार होता, तो अजून वाटेतच आहे. राहिला वित्त आयोगाचा निधी. २०२०-२१ च्या हप्त्यातला निम्मा बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि घनकचरा, एवढ्यावरच खर्च करायचा. त्यातून रस्ता केला की ऑडिटवाला लाल शाईचं पेन उघडतो.

आणि आठवडे बाजार बंद, म्हणजे बाजार फी बंद. घरपट्टीचं तर तुम्हाला माहीत आहे. मार्चअखेर आपल्या गल्लीत किती दारांवर वसुलीवाले येऊन रिकाम्या हातानं गेले ते तुम्हीही पाहिलं, मीही. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, तरी लोक भरत नाहीत, आणि त्या वर्षी सगळ्यांनाच बोल लावता येणार नाही. कुणाचा कापूस घरात पडून होता. हमीभाव ५५५० रुपये, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर नंबर लागेना आणि व्यापारी पडून मागत होता. कुणाची पोरं सुरतहून, उधन्याहून हात हलवत परत आली. कुलूप लागलेली घरं उघडली, चार माणसांच्या घरात नऊ झाली. पट्टी कमी आणि पाणी जास्त लागणार, असं ते वर्ष होतं.

बिलांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलं निघाली. एकाच गटारीची तीन कामं करून प्रत्येक काम तीन लाखांच्या आत बसवलं, म्हणजे तेव्हाच्या नियमानं ई-निविदा नको. ही युक्ती आमच्या वेळी पण होती, फक्त आकडा लहान होता. हे मी लेखात लिहायला हवं होतं. आखडतं घेतलं, कबूल.

आता तोट्या.

२०१९ आणि २०२०, लागोपाठ दोन पावसाळे गिरणा धरण भरलं. धरण भरलेलं, आवर्तनं वेळेवर, जॅकवेलला, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीला, पाणी, आणि आपल्याकडे नळ आठव्या दिवशी. मग पाणी जातं कुठे? मी व्हॉल्व्हमनबरोबर दोन पाळ्या फिरलो. पहाटे साडेतीनला चौकातला व्हॉल्व्ह फिरवला की पाणी आधी चढाच्या खालच्या बाजूला पळतं. पहिल्या पंधरा-वीस घरांत मोटारी सुरू. त्यांचे हौद भरले, ड्रम भरले, मग ओटे धुतले, मग मोटारसायकली. त्यानंतरही नळ बंद होत नाही, कारण बंद करायला तोटीच नाही. नुसती नळी. ती उचलून गटारीत सोडायची आणि चहा प्यायला आत जायचं. तिकडे गल्लीच्या टोकाला म्हाताऱ्या हंडे मांडून बसलेल्या. एकीनं मला अंधारात व्हॉल्व्हमनच समजून विचारलं, "पानी उनं का रे भो?" (पाणी आलं का रे भाऊ?) तेव्हा पाच वाजून गेले होते आणि तिच्या नळातून फक्त हवा सूं सूं करत होती.

तोटी पन्नास-साठ रुपयांची. प्लॅस्टिकची, निळ्या मुठीची. पालिकेनं तोट्या दिल्या, बसवायला माणूस नव्हता. मग सुरतच्या लूममधून परत आलेला एक पोरगा मिळाला, त्याला पाइपाना चालवता येत होता. नगरसेविका ताई आणि बचतगटाच्या दोघी त्याच्यापुढे दारोदार, कारण पुरुष माणूस गेला की लोक 'उद्या या' म्हणायचे. खरी कटकट तोटी बसवण्यात नव्हती, बसवलेली टिकवण्यात होती. मोटारवाले रात्री काढून ठेवायचे. पोरगा सकाळी परत बसवायचा. एका घरी चार वेळा बसवली. त्या पोराची मजुरी तीन महिने लटकली, हे पालिकेच्या खात्यावर टाका. पण दिवाळीनंतरच्या एका पाळीला टोकाच्या घरी पाणी आलं आणि हंडे भरून उरलं. दोन नवे व्हॉल्व्ह टाकून गल्लीचे दोन भाग केले तेव्हा खालच्यांची सद्दी आणखी मोडली.

हे काम नाही, तर मग काम कशाला म्हणायचं? उद्घाटन करता येत नाही, फ्लेक्सवर तोटीचा फोटो बरा दिसत नाही, हे मान्य. पण ३१ वर्षांत मी पाहिलेल्या योजनांत सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त पाणी या तोट्यांनी दिलं.

दिव्यांचं फार लिहीत नाही. आमच्या बाजूच्या ११ खांबांपैकी ८ लागतात, मारुतीच्या पाराजवळचा मनात येईल तेव्हा. भाजीबाजार शाळेच्या मैदानावर नेला, फक्कीनं चौकोन आखले, पहिले चार दिवस लोक चौकोनात उभे राहिले, पाचव्या दिवशी फक्की पायांनी गेली. एवढंच.

रस्ता. इथे आपलं जमायचं नाही, तरी सांगतो. आपल्या गल्लीखालची पाइपलाइन जुनी आहे, दर दोन महिन्यांनी कुठेतरी जमीन ओली दिसते. ती बदलायचा प्रस्ताव मंजुरीच्या रांगेत आहे. शेजारच्या प्रभागात २०१८ मध्ये काँक्रीट झालं, नारळ फुटला, पेढे वाटले. वर्षाच्या आत पाइप टाकायला तेच काँक्रीट मधोमध फोडलं, वर मुरूम लोटला, आता तिथे पावसाळ्यात बैल रुततो. शिवाय जुनं न उकरता त्यावरच थर टाकल्यानं रस्ता ओट्यांच्या वर गेला. माझ्या साडूचं घर तिथे आहे. जूनमध्ये तो दाराला फळी लावतो आणि फटीत चिखल भरतो.

आपल्याकडे ताईंनी अभियंत्यांना लेखी दिलं, आधी पाइप मग रस्ता. ती प्रत मी पाहिली आहे. घरातूनच विरोध झाला असणार, कारण यजमानांनी भूमिपूजनाचा फ्लेक्स छापून ठेवला होता असं ऐकतो. (आपल्याकडे निवडून बाई येते आणि सत्कार यजमानांचा होतो, त्यावर पुन्हा कधीतरी.) २०२१ च्या अखेरीस निवडणूक अपेक्षित असताना रस्ता पुढे ढकलणं सोपं नव्हतं. म्हणून न झालेला रस्ता मी कामात धरला. तुम्हाला ही कसरत वाटली, वाटू द्या.

पैसा नसेल तर कर्ज काढा, असंही एक वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत आहे. जळगाव लांब नाही. तिथे पालिका असताना घरकुलं आणि इतर योजनांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या संस्थेचं कर्ज काढलं. २००३ मध्ये महापालिका झाली, पाटी बदलली, हप्ते तेच. घरकुलांतल्या घोटाळ्याचा खटला उभा राहिला, २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं शिक्षा सुनावल्या. पण ज्यांनी कर्ज काढलं नाही, घरकुल पाहिलं नाही, त्या जळगावकरांनी खड्ड्यांतून गाड्या चालवत किती वर्षं काढली, ते तिथल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा.

आता तुमचा बोळ.

नव्हतो आलो. लेख लिहिताना नाही, आणि खरं सांगायचं तर गेल्या दोन-तीन वर्षांत नाही. प्रतिक्रिया वाचून रविवारी सकाळी मास्क लावून आलो. देवीच्या देवळामागून आत शिरलो. नाल्याची सफाई झाली असं मी लिहिलं होतं. झालीय. गाळ काढलाय आणि काठावरच ढीग लावून ठेवलाय. मधे अवकाळीचा शिडकावा झाला, तेवढ्यात निम्मा ढीग परत नाल्यात. मी पुलावर उभा राहून नाला पाहिला होता, पुलावरून तो स्वच्छच दिसतो. बोळात खांब दोन, दिवा एकावरही नाही.

आणि तोट्या. तुमच्याकडे एकही तोटी नाही, कारण तुमच्याकडे घरोघरी नळच नाहीत. चौदा घरांत मिळून एक सार्वजनिक नळ, त्याचा चौथरा फुटलेला, नळाच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. तिथे एक ताई धुणं धूत होत्या. मी म्हटलं, तोट्यांची यादी झाली तेव्हा तुमच्याकडे कुणी आलं नव्हतं का? त्या म्हणाल्या, "यादीत आमनं नावच नही, तर येतीन कसाले?"

घरी येऊन मी ती यादी काढली. ती आकारणीच्या रजिस्टरवरून केलेली आहे. मालमत्ता क्रमांक असेल तरच नळजोड, नळजोड असेल तरच तोटी. तुमच्या बोळातल्या चौदांपैकी अकरा घरांची नोंदच नाही. आणि मी, ज्यानं हीच रजिस्टरं आयुष्यभर भरली, त्यानं लेखात 'प्रभागातल्या शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं' असं वाक्य लिहिलं. माझं शेवटचं घर म्हणजे रजिस्टरमधलं शेवटचं घर होतं. ते वाक्य आज लेखातून काढलं आहे, नालेसफाईपुढे 'गाळ उचललेला नाही' हे शब्द घातले आहेत आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली आहे.

अकरा घरांच्या आकारणीचा अर्ज मी लिहून ठेवलाय. सोबत लाइट बिलाची किंवा रेशन कार्डाची झेरॉक्स आणि घरमालकाची सही लागेल. काही जण बिचकतील, नोंद झाली की पट्टी येईल म्हणून. येईलच. पण नळजोड मागायला तोच कागद लागतो. सार्वजनिक नळाचा चौथरा आणि तोटी यासाठी वेगळा अर्ज केलाय, तो बंधित निधीत बसतो, त्यामुळे हेड नाही असं उत्तर देता येणार नाही. बघू, काय उत्तर देतात. नगरसेविका ताईंना दोन्हींची प्रत दिली. त्या म्हणाल्या, मला या बोळाचं कुणी सांगितलंच नाही. मी गप्प बसलो, कारण मीही तेच म्हणणार होतो.

पाण्याची पाळी आता बुधवारी पहाटे. व्हॉल्व्ह साडेतीनला उघडेल. मी चारला तुमच्या त्या नळापाशी असेन, एक बादली आणि घड्याळ घेऊन. बादली भरायला किती मिनिटं लागतात ते लिहून घ्यायचं आहे. खरं नाव सांगू नका हवं तर, पण टॉर्च आणा, तिथे दिवा नाही.